एकच ऊसपट्टा, चार चिन्हं : बिद्रीच्या परिसरात दोन राष्ट्रवादींमध्ये नेमका फरक काय?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात बिद्री नावाचं गाव आहे. गाव तसं साधंच, पण नाव राज्यभर पोचलं ते साखर कारखान्यामुळे. कागदावर त्याचं नाव श्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना, बोलताना मात्र सगळे नुसतं 'बिद्री' म्हणतात. कार्यक्षेत्र चार तालुक्यांत पसरलंय : कागल, राधानगरी, भुदरगड आणि करवीर.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत या एका कारखान्याच्या हद्दीत एक गंमत झाली. कागल मतदारसंघात लढत होती घड्याळ विरुद्ध तुतारी, म्हणजे राष्ट्रवादी विरुद्ध राष्ट्रवादी. शेजारच्या राधानगरी-भुदरगडमध्ये धनुष्यबाण विरुद्ध मशाल, म्हणजे शिवसेना विरुद्ध शिवसेना. एकाच कारखान्याचे सभासद, ऊस एकाच वजनकाट्यावर जाणार, आणि मत देताना मात्र फुटलेल्या दोन पक्षांच्या चार तुकड्यांमधून निवड करायची.

आता सोशल मीडियावर दोन्ही बाजूंचे लोक सांगत असतात की आमचा पक्ष खरा आणि समोरचा गद्दार. पण दोन राष्ट्रवादींमध्ये नेमका फरक काय, असं विचारलं तर उत्तर 'एकीकडे साहेब, दुसरीकडे दादा' याच्या पुढे सहसा जात नसे. तो फरक शोधायला बिद्रीच्या परिसरासारखी दुसरी जागा नाही.

आधी पक्ष कसा फुटला ते

राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष १० जून १९९९ रोजी स्थापन झाला. सोनिया गांधींच्या परदेशी मूळाचा मुद्दा काढला म्हणून शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांना काँग्रेसनं बाहेर काढलं होतं. त्यातून हा पक्ष जन्मला. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो काँग्रेससोबतच राज्याच्या सत्तेत बसला, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. म्हणजे ज्या मुद्द्यावर पक्ष काढला तो मुद्दा चार-पाच महिन्यांत बाजूला पडला. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे फुटलेल्या दोन्ही राष्ट्रवादींच्या रक्तात ती आहे.

२ जुलै २०२३ रोजी अजित पवार आणि आठ सहकाऱ्यांनी शिंदे-फडणवीस सरकारमध्ये मंत्रिपदाची शपथ घेतली. त्यात कागलचे हसन मुश्रीफही होते. दोन्ही गट म्हणू लागले, पक्ष आमचाच. प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेलं.

आयोगासमोर अशा वेळी तीन कसोट्या असतात : पक्षाची ध्येयधोरणं कोण पाळतंय, पक्षाच्या घटनेप्रमाणे कोण वागतंय आणि बहुमत कुणाकडे आहे. इथं एक मजेशीर गोष्ट दिसते. ध्येयधोरणांवरून आयोगाला दोघांत निवड करता आली नाही. पक्षांतर्गत निवडणुका नीट झाल्यात असंही म्हणता येईना. मग उरली बहुमताची कसोटी, तीही निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींची. ८१ पैकी ५७ अजित पवारांच्या बाजूनं निघाले आणि ६ फेब्रुवारी २०२४ ला नाव आणि घड्याळ त्यांना मिळालं. शरद पवार गटाला नवं नाव मिळालं, राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष शरदचंद्र पवार, आणि नंतर 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह.

१५ फेब्रुवारीला विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनीही ५३ पैकी ४१ आमदारांचा हिशेब धरून अजित पवारांचा गट हाच मूळ पक्ष ठरवला आणि कुणालाच अपात्र केलं नाही. खरं तर पक्षांतरबंदी कायद्यात फुटीला मान्यता देणारं कलम २००३ मधल्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं काढून टाकलं होतं. एक तृतीयांश आमदार घेऊन बाहेर पडायची वाट तेव्हाच बंद झाली. म्हणून आता कुणीच 'आम्ही फुटलो' असं म्हणत नाही. 'आम्हीच मूळ पक्ष' असं म्हणतात. कायद्याची ती गरज आहे, भावनेचा भाग नंतर येतो.

सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये अजित पवारांना घड्याळ वापरू दिलं, पण जाहिरातीत 'चिन्हाचा वाद न्यायप्रविष्ट आहे' असं छापायला सांगितलं. शरद पवारांचं नाव आणि फोटो वापरू नका असंही बजावलं. एका पक्षाला दुसऱ्या पक्षाच्या नेत्याचा फोटो वापरू नका असं कोर्टाला सांगावं लागतं, यातच साम्य किती आहे ते दिसतं.

कागल : घड्याळ कुणाच्या हातात, तुतारी कुणाच्या

कागलला जिल्ह्यात राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात. इथं पक्षाआधी गट येतो. मंडलिक गट, राजे गट, मुश्रीफ गट, संजयबाबा घाटगे गट. माणूस कुठल्या पक्षाचा हे विचारलं तर तो थांबून विचार करेल, कुठल्या गटाचा ते मात्र लगेच सांगेल.

मुश्रीफ हे सदाशिवराव मंडलिक यांच्या तालमीत तयार झाले. १९९९ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले, नव्या राष्ट्रवादीकडून. पुढे गुरू-शिष्यात बिनसलं. २००९ मध्ये राष्ट्रवादीनं लोकसभेचं तिकीट संभाजीराजे छत्रपतींना दिलं तेव्हा मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि जिंकले. म्हणजे चिन्ह गेलं तरी गट राहतो, हे कोल्हापूरनं पंधरा वर्षांपूर्वीच बघितलेलं आहे.

दुसऱ्या बाजूला राजे गट. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म कागलच्या घाटगे घराण्यातला. त्या घराण्यातले विक्रमसिंह घाटगे यांनी कागलचा शाहू साखर कारखाना उभा केला. त्यांचे पुत्र समरजितसिंह घाटगे भाजपमध्ये गेले, म्हाडाच्या पुणे मंडळाचे अध्यक्ष झाले, भाजपचे जिल्हाध्यक्षही होते. २०१९ मध्ये युतीत कागलची जागा शिवसेनेकडे, म्हणजे संजयबाबा घाटगेंकडे गेली. समरजितसिंह अपक्ष लढले. निकाल असा : मुश्रीफ सुमारे १ लाख १६ हजार, समरजितसिंह सुमारे ८८ हजार, संजयबाबा सुमारे ५५ हजार.

मग २०२३ उजाडलं. जानेवारीत ईडीनं मुश्रीफांच्या कागलच्या घरी छापा टाकला. संताजी घोरपडे साखर कारखान्याशी संबंधित आरोप होते, मुश्रीफांनी ते फेटाळले. सहा महिन्यांनी ते भाजपसोबतच्या सरकारमध्ये मंत्री झाले. विरोधक या दोन घटना एका दोरीत ओवतात. मुश्रीफ समर्थक मतदारसंघातल्या कामांचं कारण पुढं करतात.

या शपथविधीचा सगळ्यात मोठा धक्का कुणाला बसला? शरद पवारांच्या खालोखाल समरजितसिंहांना. ज्या माणसाविरुद्ध भाजपच्या बळावर तयारी केली तोच भाजपचा मित्र झाला. विद्यमान आमदाराची जागा त्याच पक्षाला, हे महायुतीचं सूत्र. म्हणजे कागल घड्याळाला जाणार हे नक्की. मग ३ सप्टेंबर २०२४ रोजी कागलच्या गैबी चौकात शरद पवारांच्या उपस्थितीत समरजितसिंहांनी तुतारी हाती घेतली.

आता चित्र काय झालं बघा. जो नेता पंचवीस वर्षं पवारांना दैवत म्हणत राष्ट्रवादीत होता तो भाजपच्या बाजूला, आणि जो कालपर्यंत भाजपचा जिल्हाध्यक्ष होता तो पवारांच्या बाजूला. दोघांनी मिळून जागांची अदलाबदल केली म्हणा ना. विचारधारेच्या चष्म्यातून बघितलं तर याला काहीच अर्थ लागत नाही. मतदारसंघाच्या हिशेबानं बघितलं तर सगळं सरळ आहे : एका जागेवर दोन तगडे उमेदवार एका आघाडीत मावत नाहीत.

हे फक्त कागलचं नाही. इंदापुरात हर्षवर्धन पाटील भाजपमधून तुतारीकडे आले आणि घड्याळाच्या दत्तात्रय भरणेंकडून हरले. उलटी वाहतूकही झाली. इस्लामपुरात निशिकांत पाटील भाजपमधून घड्याळाकडे आले आणि तुतारीच्या जयंत पाटलांशी लढले, हरले. तासगावात भाजपचे माजी खासदार संजयकाका पाटील घड्याळावर लढले आणि तुतारीच्या रोहित पाटलांकडून हरले. थोडक्यात, दोन्ही राष्ट्रवादींनी रिकाम्या जागी भाजपमधून आणलेले उमेदवार उभे केले. या बाबतीत दोघांत काडीचाही फरक नाही.

बिद्रीच्या निवडणुकीत तर पक्षच गायब

विधानसभेच्या अकरा महिने आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, बिद्री कारखान्याची निवडणूक झाली. तिथल्या तंबूंत कोण कोण होतं ते बघितलं की पक्षांच्या फरकाविषयी बोलणारा माणूस गप्प होतो.

सत्ताधारी आघाडीचे नेते कारखान्याचे अध्यक्ष आणि राधानगरीचे माजी आमदार के. पी. पाटील. ते तेव्हा राष्ट्रवादीत, अजित पवारांच्या बाजूला. त्यांच्या पाठीशी मुश्रीफ, म्हणजे राज्य सरकारमधले मंत्री. आणि त्यांच्याच पाठीशी काँग्रेसचे सतेज पाटील, म्हणजे त्याच सरकारचे विरोधक. समोर कोण? शिंदेंच्या शिवसेनेचे आमदार प्रकाश आबिटकर, त्याच पक्षाचे तेव्हाचे खासदार संजय मंडलिक, भाजपचे समरजितसिंह घाटगे आणि के. पी. पाटलांचे मेहुणे ए. वाय. पाटील. म्हणजे मुंबईत एका सरकारात बसलेले तीन पक्ष बिद्रीत एकमेकांविरुद्ध, आणि विरोधी पक्ष त्यातल्या एकाच्या बाजूला. निकाल एकतर्फी लागला. सगळ्या २५ जागा के. पी. पाटलांच्या आघाडीनं जिंकल्या.

पण विधानसभा आली तेव्हा राधानगरीची जागा महायुतीत आबिटकरांकडे गेली. के. पी. पाटलांनी मशाल घेतली आणि ठाकरेंच्या शिवसेनेचे उमेदवार झाले. ए. वाय. पाटील अपक्ष राहिले. आबिटकर ३८ हजारांहून अधिक मतांनी जिंकले, सलग तिसऱ्यांदा, आणि पुढे राज्याचे आरोग्यमंत्री झाले.

आता एक प्रश्न. ज्या भागातल्या सभासदांनी कारखान्यात के. पी. पाटलांना पंचवीसच्या पंचवीस जागा दिल्या, त्याच भागातल्या मतदारांनी वर्षाच्या आत त्यांना विधानसभेत पाडलं. लोक गोंधळले होते का? अजिबात नाही. कारखान्यात मत देणारा सभासद बघतो की उसाला दर किती, तोड वेळेवर येते का, बिल कधी जमा होतं. विधानसभेला मत देणाऱ्यात तो सभासद असतो, पण घरातली बाकीची माणसंही असतात. ऊस ज्याच्या नावावर नाही ती बाई असते, सातबाऱ्यावर नाव नसलेला शेतमजूर असतो. त्यांना कारखान्याच्या निवडणुकीत मत नव्हतं. कारखान्याचं राजकारण आणि विधानसभेचं राजकारण यांचे मतदारच वेगळे आहेत, हे बाहेरून बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

सत्तेजवळ राहायची एवढी ओढ का?

अजित पवारांसोबत गेलेल्यांवर सत्तेसाठी गेले असा आरोप होतो. तो खोडण्यात अर्थ नाही, पण सत्ता म्हणजे नुसता लाल दिवा नव्हे हेही समजून घ्यायला हवं. साखरपट्ट्यात तर नाहीच.

एका कारखान्याला वर्षभरात सरकारची किती दारं ठोठवावी लागतात बघा. उसाची एफआरपी केंद्र सरकार ठरवतं. २०२४-२५ च्या हंगामात ती १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये होती. साखरेचा किमान विक्री दर केंद्र ठरवतं, तो फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि पुढची अनेक वर्षं तिथंच अडकून राहिला. म्हणजे कच्च्या मालाचा भाव वाढवत नेणारं आणि पक्क्या मालाचा भाव धरून ठेवणारं सरकार एकच. उसाच्या रसापासून इथेनॉल करायचं की नाही हेही दिल्ली ठरवते. बिद्रीची निवडणूक झाली त्याच महिन्यात केंद्रानं त्यावर बंदी घातली आणि ज्यांनी डिस्टिलरीसाठी कर्ज काढलं होतं त्यांची झोप उडाली. गाळप परवाना राज्याचे साखर आयुक्त देतात. राष्ट्रीय सहकार विकास महामंडळाचं कर्ज हवं तर राज्याची थकहमी लागते.

त्यात जुलै २०२१ मध्ये केंद्रात वेगळं सहकार मंत्रालय झालं आणि ते अमित शाह यांच्याकडे गेलं. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सहकारी कारखान्यांच्या जुन्या प्राप्तिकर प्रकरणात सुमारे १० हजार कोटींचा दिलासा दिला गेला. उसाला जादा दर दिला म्हणजे नफा वाटला, असं मानून लावलेला हा कर होता. वर्षानुवर्षं डोक्यावर टांगलेली ती तलवार खाली आली. कारखानदारानं यातून काय समजायचं ते समजून घेतलं.

म्हणून घड्याळाचा युक्तिवाद असा : ऊस शेतकऱ्याचं भलं करायचं तर सरकारात असायला हवं. तुतारीचा युक्तिवाद असा : ज्या सरकारनं धोरण बिघडवलं त्याच्या मांडीला मांडी लावून भलं कसं होणार? दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे. पण अविभाजित राष्ट्रवादीनं हे दोन्ही युक्तिवाद वेळेप्रमाणे वापरलेले आहेत हेही खरं. २०१४ मध्ये निकालाच्या दिवशीच भाजपला बाहेरून पाठिंबा जाहीर करणारा पक्ष हाच होता, आणि तेव्हा त्याचे अध्यक्ष शरद पवार होते.

मग फरक आहे तरी कुठं?

साम्य दाखवणं सोपं आहे. दोन्ही पक्ष शाहू-फुले-आंबेडकरांचं नाव घेतात, दोन्ही यशवंतराव चव्हाणांचा वारसा सांगतात. आश्वासनांतही फार अंतर नव्हतं. ५ नोव्हेंबर २०२४ ला महायुतीनं कोल्हापुरातूनच दहा आश्वासनं जाहीर केली : लाडक्या बहिणीला १,५०० चे २,१०० रुपये, शेतकरी कर्जमाफी. दुसऱ्याच दिवशी महाविकास आघाडीनं मुंबईत महिलांना ३,००० रुपये, एसटीचा मोफत प्रवास आणि ३ लाखांपर्यंतची कर्जमाफी सांगितली. एकानं आकडा बोलायचा, दुसऱ्यानं वाढवायचा. सौद्याच्या बाजारात गूळ विकतात तसंच चाललं होतं.

पण म्हणून 'सगळे सारखेच' म्हणून हात झटकले तर चूक होईल. फरक आहे, तो गावात दिसत नाही एवढंच. तो दिल्लीत दिसतो.

एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयक संसदेत आलं. लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ अशा मतांनी ते मंजूर झालं. शरद पवारांच्या पक्षानं विरोध केला, अजित पवारांच्या पक्षानं पाठिंबा दिला. दोन्ही पक्ष स्वतःला धर्मनिरपेक्ष म्हणवतात आणि महत्त्वाच्या मतदानात विरुद्ध बाजूला उभे राहतात. हा शब्दांचा फरक नाही, कायद्याचा आहे. कागलच्या मतदारानं २०२४ मध्ये विधानसभेला कुठलं बटण दाबलं यानं लोकसभेतलं मत बदललं नसतं हे खरं, पण जी संघटना त्यानं बळकट केली ती दिल्लीत कुठं उभी राहते हे त्याला ठाऊक असायला हवं.

अजित पवारांनी भाजपसोबत राहून वेगळेपण राखायचा प्रयत्न केला, हेही सांगायला हवं. 'बटेंगे तो कटेंगे' ही घोषणा महाराष्ट्रात चालणार नाही, असं त्यांनी ऐन प्रचारात जाहीरपणे म्हटलं. त्यांच्या पक्षानं मुस्लिम उमेदवार दिले आणि मुश्रीफ आणि सना मलिक निवडूनही आले. पण घोषणेला विरोध करणं आणि विधेयकाला विरोध करणं यात अंतर आहे. पहिलं मित्रपक्षाला चालतं, दुसरं चालत नाही.

दुसरा फरक पैशाच्या तिजोरीचा. लाडकी बहीण योजना जून २०२४ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री म्हणून अजित पवारांनी जाहीर केली. तुतारीवाल्यांना तिला विरोधही करता येईना आणि श्रेयही घेता येईना. पण सत्तेची दुसरी बाजूही लवकरच दिसली. कर्जमाफीचं आश्वासन देऊन निवडून आल्यावर मार्च २०२५ मध्ये त्याच अर्थमंत्र्यांना बारामतीत सांगावं लागलं की पीककर्जाचे हप्ते ३१ मार्चच्या आत भरा. विरोधात असलेल्याला असं वाक्य कधी बोलावं लागत नाही. विरोधी पक्षात असण्याचा हा मोठा फायदा आहे, आणि तो फायदा तुतारी पुरेपूर घेते.

तिसरा फरक मतदारानं स्वतः केलाय. बारामतीत २०२४ च्या लोकसभेला सुप्रिया सुळे १ लाख ५८ हजारांनी जिंकल्या आणि सहा महिन्यांनी विधानसभेला अजित पवार १ लाखाहून अधिक मतांनी. राज्यातही तसंच. लोकसभेत तुतारीनं १० जागा लढवून ८ जिंकल्या, घड्याळाला एकच मिळाली. विधानसभेत घड्याळानं ५९ पैकी ४१ जिंकल्या, तुतारीला ८६ पैकी फक्त १०. गंमत म्हणजे राज्यातल्या एकूण मतांत तुतारीचा वाटा ११.२८ टक्के आणि घड्याळाचा ९.०१ टक्के. जास्त जागा लढवल्यामुळे मतांची बेरीज जास्त, पण ती जागांत उतरली नाही.

कागलच्या आकड्यांत काय लपलंय

कागलमध्ये मुश्रीफांना १ लाख ४५ हजार २६९ मतं पडली, समरजितसिंहांना १ लाख ३३ हजार ६८८. फरक ११ हजार ५८१. मुश्रीफ सहाव्यांदा आमदार झाले. बातमी इथं संपते, पण आकडे बघा.

२०१९ मध्ये मुश्रीफांचं मताधिक्य २८ हजारांवर होतं. २०२४ मध्ये संजयबाबा घाटगे त्यांच्यासोबत होते, मंडलिक गट महायुतीत होता, भाजप अधिकृतपणे पाठीशी होता, सरकारात मंत्रिपद होतं. साधी बेरीज केली तर मताधिक्य दुप्पट व्हायला हवं. ते निम्म्याहून कमी झालं. मुश्रीफांची मतं २९ हजारांच्या आसपास वाढली, समरजितसिंहांची ४५ हजारांनी.

ही वाढ एकट्या राजे गटाची असू शकत नाही, तो गट तर २०१९ मध्येही त्यांच्याकडे होता. ती आली असणार चिन्हामुळे : पवारांवर माया करणारे जुने राष्ट्रवादीवाले, काँग्रेस आणि ठाकरेंच्या शिवसेनेचे मतदार, आणि भाजपच्या सोबतीमुळे नाराज झालेला वर्ग. म्हणजे गटांच्या कागलमध्येही पक्षाला किंमत आहे. फक्त तिची जागा दुसरी आहे. गट उमेदवाराला लढण्याइतपत मतं देतो, पक्ष वरची मतं देतो. ती वरची मतं कागलमध्ये जिंकायला पुरली नाहीत. तासगाव-इस्लामपुरात पुरली, कारण तिथं गटही तुतारीकडेच होता. आणि शेजारच्या चंदगडमध्ये घड्याळाचे राजेश पाटील आणि तुतारीच्या नंदिनी बाभूळकर दोघंही हरले, भाजपचे बंडखोर शिवाजी पाटील अपक्ष म्हणून जिंकले. दोन राष्ट्रवादींच्या भांडणात तिसऱ्यानं लोणी खाल्लं.

एका विषयावर मात्र इथले काही नेते पक्ष बाजूला ठेवून एका सुरात बोलले, तो म्हणजे शक्तिपीठ महामार्ग. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत आखलेला हा रस्ता. कोल्हापुरात त्यासाठी पिकाऊ जमीन जाणार म्हणून शेतकरी रस्त्यावर आले. विरोधी बाकावरचे सतेज पाटील विरोधात, आणि सत्तेतले मुश्रीफही जिल्ह्यापुरते विरोधात. जमीन जाणाऱ्या माणसानं नेत्यांना तेवढ्यापुरतं एकत्र आणलं. फरक एवढाच की विरोधकाला मोर्चा काढता येतो, मंत्र्याला सरकारचीच समजूत घालावी लागते.

आणि आता पुढचा अध्याय. नोव्हेंबर २०२५ मध्ये कागल नगरपालिकेच्या निवडणुकीसाठी हसन मुश्रीफ आणि समरजितसिंह घाटगे एकत्र आले. होय, तेच दोघं, ज्यांनी वर्षापूर्वी दोन राष्ट्रवादींच्या नावानं सगळा तालुका उभा चिरला होता. समोर मंडलिक गट, म्हणजे महायुतीतलीच शिंदेंची शिवसेना. ज्या कार्यकर्त्यांनी गेल्या निवडणुकीत शेजाऱ्याशी बोलणं टाकलं होतं, त्यांना आता त्याच शेजाऱ्याबरोबर गल्लीत पत्रकं वाटायची वेळ आली.

बिद्री कारखान्याच्या संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची, म्हणजे नियमाप्रमाणे पुढची निवडणूक २०२८ च्या शेवटी. तोवर यातले किती नेते आजच्या पक्षात असतील यावर पैज लावायला या भागात कुणी तयार होणार नाही. सभासदांना त्याचं फारसं काही वाटतही नाही, कारण कारखान्याच्या मतपत्रिकेवर घड्याळ नसतं, तुतारी नसते, धनुष्यबाण आणि मशालही नसते.